समतोलराव एकटेच साथीला बसतात

सांगा पाहू, एखाद्या गावात माल भरपूर बनतो, रोज आभाळमार्गे बाहेर जातो, आणि तरी ते गाव हळूहळू रिकामं होत जातं. असं का व्हावं?

हे कोडं कांसवाडीत घेऊन आले ते समतोलराव. समतोलराव म्हणजे प्रादेशिक विकास खात्याचे (मागे राहिलेल्या भागांत कामधंदा आणि सोयी वाढाव्यात म्हणून आखणी करणारं सरकारी खातं) यंत्रमानव. नाव नुसतं ‘समतोल’. पण त्यांचं बोलणं इतकं अदबीचं, की गावातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी पुढे ‘राव’ जोडून टाकलं. छातीवर हिरवा दिवा, पाठीशी घडी करून ठेवलेले चार जादा हात, आणि पायांच्या जागी चाकं.

कांसवाडी टाळांचं गाव. भजन-कीर्तनात वाजतात ते टाळ. तांबं आणि कथील एकत्र वितळवून कांसं होतं (मिश्रधातू, म्हणजे दोन धातू एकजीव होऊन झालेला नवाच धातू), ते साच्यात ओतायचं, घासायचं, दोरीत ओवायचं. घरोघरी छोट्या भट्ट्या होत्या. त्यातलीच एक गोदा ओतारीच्या घरची. गोदाचे आजोबा, म्हणजे आबा, धातुशास्त्रज्ञ. आयुष्यभर शहरातल्या प्रयोगशाळेत काम करून आता गावी परतलेले, कपाळाला बुक्का आणि खिशात भिंग. आणि गोदाचे वडील, दादा, भट्टी सांभाळणारे.

पण ती भट्टी येत्या सोमवारपासून थंड पडणार होती. दादा बंदरावर जहाजबांधणीच्या कामाला निघाले होते. पलीकडच्या बोरखिंडीतला त्यांचा मित्र नामदेव तिथे आधीच गेलेला, त्यानेच जागा बघून ठेवली होती.

“दिवाळीला येईन की गं,” दादा म्हणायचे.

“दिवाळी किती लांब आहे!” गोदा म्हणायची आणि तोंड फिरवून बसायची.

दादांना जायची हौस नव्हती. त्यांचे विकलेले टाळ गिऱ्हाइकांकडून परत येत होते. एका जोडीतला एक टाळ वरच्या सुरात बोलायचा, दुसरा खालच्या. प्रत्येक भट्टीचा ताव, म्हणजे धग, वेगळी, कांशाचं मिश्रण अंदाजाचं, मग सूर जुळणार कसा? अचूक ताव राखणारी भट्टी एका घराला परवडण्यातली नव्हती.

“यावर माझ्याकडे उपाय तयार आहे,” समतोलराव म्हणाले. आबांच्या अंगणात त्यांनी हवेत चित्र उमटवलं. टेकडीवर चकचकीत स्वयंचलित महाकारखाना. “धातू हवाईजहाजाने येईल, टाळ हवाईजहाजाने जातील. मधलं सगळं यंत्रं करतील. एकही जोडी बेसूर नाही.”

“आणि आम्ही काय करायचं?” दादांनी विचारलं.

“आपण विश्रांती घ्यायची.”

“विश्रांती खाऊन पोट भरतं का हो, समतोलराव?”

छातीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. “या प्रश्नाचा रकाना माझ्याकडे नाही.”

आबा खो खो हसले. समतोलराव मात्र गंभीर होते. “अडचण अशी आहे की बोरखिंडीत आम्ही असाच कारखाना उभारला. तिथून घंटा जगभर जातात. तरी तिथली शाळा ओस पडली. का, ते शोधल्याशिवाय नवी शिफारस करू नकोस, असं वरिष्ठांनी बजावलं आहे. उत्सव संपेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. नाही मिळालं, तर हाच कारखाना मंजूर होईल. मोजमापात तोच सरस आहे.”

गोदाने दादांकडे पाहिलं. म्हणजे कारखाना झाला तर दादा परत कशाला येतील? दिवाळीलासुद्धा पाहुण्यासारखेच!

त्याच दिवशी गावच्या नारायण मंदिरात उत्सव सुरू होत होता. दिवेलागणीला चारुताईंचं कीर्तन. चारुताई म्हणजे पंचक्रोशीच्या लाडक्या कीर्तनकार. त्या उभ्या राहिल्या की देव जरा पुढे सरकून ऐकतो, असं आबा म्हणत. मागे पेटीवर रशीदचाचा, मृदंगावर लक्ष्मणमामा, आणि दोन्ही बाजूंना टाळकरी.

समतोलरावांनी हे ऐकलं आणि त्यांचे घडीचे चारही हात उलगडले. “इतक्या माणसांना कशाला त्रास? पेटी, मृदंग, टाळ, सगळं मी एकटा वाजवीन. विनाचूक.”

टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. रशीदचाचा मिशीत हसले. “चला, आज पाय पसरून बसू घरी.”

चारुताई म्हणाल्या, “सेवा करायची म्हणतायत, करू द्या की. देवाला कुठे हातांची मोजणी करायचीय?”

समतोलराव बसले साथीला. आणि काय सांगावं, कुठे म्हणून चूक नाही! मृदंग आरशासारखा स्वच्छ, पेटी काटेकोर, टाळ ठोक्याला ठोका. चारुताईंनी नेहमीच्याच प्रेमाने निरूपण केलं.

पण मंडप अर्धासुद्धा भरला नव्हता. लाह्या-फुटाण्यांची गाडी आली नव्हती. फुलांची टोपली नव्हती, म्हणून ताईंच्या गळ्यात घालायला हारच नव्हता. ताईंनी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत सगळ्यांना साद घातली, तेव्हा मागून झेलायला मोजकेच गळे. समतोलरावांनी यंत्रातून शंभर आवाज काढले, तसं एक बाळ दचकून रडायला लागलं.

कीर्तन आटोपल्यावर समतोलराव पायरीशी थांबले. दिवा पिवळाच. “गोदाताई, माझा एकही ठोका चुकला नाही. मग लोक का आले नाहीत?”

गोदाला त्यांची कीवच आली. “अहो, लोकांना तुम्हीच घरी बसवलंत!”

“मी? मी फक्त साथीदारांना सुट्टी दिली.”

“तेच तर! बघा हं. लक्ष्मणमामांच्या मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, तरच तो घुमतो. ती कणीक मळून आणते त्यांची सून. ती आली की तिच्या आळीतल्या चौघी येतात. तुमच्या मृदंगाला कणीक लागली का?”

“नाही. ध्वनी आतूनच तयार होतो.”

“म्हणून त्या नाही आल्या. टाळकरी आले की त्यांची पोरं येतात. पोरं आली की लाह्यावाला येतो. साथीदारांनाही हार घालतात, म्हणून फुलवाल्या मावशी टोपली भरून आणतात. आज एकट्या ताईंसाठी एक हार, तेवढ्यासाठी त्या कशाला येतील? रशीदचाचांची पेटी ठेवायला त्यांचा मुलगा सतरंजी आणतो, ती अंथरायला...”

“थांबा,” समतोलराव म्हणाले. “म्हणजे प्रत्येकाच्या कामातून दुसऱ्याचं काम निघत होतं.”

“आणि तुम्हाला कुणाचीच गरज नव्हती!” गोदा म्हणाली, आणि एकदम थबकली. तिचे डोळे मोठे झाले. “समतोलराव! बोरखिंडीचा कारखाना! त्यालाही कुणाचीच गरज नाही. नामदेवकाका सांगायचे ना, धातू बाहेरचा, दोरी बाहेरची, माल भरायचे खोके बाहेरचे, दुरुस्तीला माणूससुद्धा विमानातून येतो. घंटा गावात बनते, पण गावाला काहीच विचारत नाही!”

मागे उभ्या असलेल्या आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! या दोघंही घरी. दाखवतो एक गंमत.”

घरी गेल्यावर आबांनी एक लांब दोरी बांधली आणि तिला प्रयोगशाळेतले, अगदी एकाच सुराचे टाळ टांगले. मग पहिल्या टाळावर हळूच टोला दिला. तो निनादला. आबांनी तो लगेच मुठीत धरून गप्प केला. पण नाद थांबला नव्हता! शेजारचा टाळ, कुणी न वाजवता, गुणगुणत होता. आणि त्याच्या पलीकडचासुद्धा.

“याला अनुनाद म्हणतात,” आबा म्हणाले. “एकाचा सूर हवेतून आणि दोरीतून दुसऱ्यापर्यंत पोचतो, आणि सूर जुळत असला की दुसराही बोलू लागतो. प्रदेशाचंही असंच. बाहेरून एक मागणी आली, समजा टाळांची. हा पहिला टोला. ओतणाऱ्याला काम मिळालं. त्याने दोरीवाल्याला काम दिलं, दोरीवाल्याने शिंप्याला, शिंप्याने दूधवाल्याला. एका कामातून अशी पुढची कामं निघत जातात, त्याला गुणक परिणाम म्हणतात.”

“आणि नाद हळूहळू बारीक होत जातो तो?” गोदाने विचारलं.

“छान पकडलंस. तांबं काही आपल्याकडे सापडत नाही, ते बाहेरूनच येणार. तेवढा नाद प्रत्येक वेळी बाहेर निसटतो. त्याला गळती म्हणायचं. थोडी गळती असणारच, पण हे बघ.” आबांनी टाळांच्या मधोमध जाड घोंगडं लटकवलं, पलीकडचे टाळ सोडून वेगळ्या दोरीला टांगले आणि पुन्हा टोला दिला. पहिला टाळ खणखणला. बाकीचे गप्प. “ही बोरखिंड.”

समतोलरावांनी एका गप्प टाळाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, “तर मग मी महाकारखाना रद्द करतो. सगळं जुनं तसंच राहू दे.”

“छे छे!” आबा म्हणाले. “टाळ बेसूर असले तर अनुनाद होईल का? आणि बाहेरून टोलाच पडला नाही, तर काय वाजणार? आमचे टाळ परत येतात, हे खोटं नाही. सरकारने करायचं काय, तर जे एकेका घराला झेपत नाही तेवढं करायचं. तावाची एक चांगली भट्टी, सूर मोजायची एक खोली, शिकवणारं कुणीतरी. सगळ्यांनी आळीपाळीने वापरायचं. म्हणजे सामायिक सुविधा केंद्र. बाकीचं घरोघरी होऊ द्यायचं. एकाच प्रकारचं काम करणारी, एकमेकांना लागणारी घरं अशी जवळजवळ वाढवणं, याला समूह विकास म्हणतात.”

“ऐकायला गोड आहे, आबा,” दारातून दादांचा आवाज आला. “पण एका केंद्राने माझ्या टाळांचा सूर जुळेल, हे कुणी सांगितलं? मला सोमवारी निघायचंय.”

मग समतोलरावांनी पाठीचा एक हात पुढे केला. “माझ्या बोटांना उष्णता अचूक कळते आणि कानांना सूर. केंद्र होईपर्यंत केंद्र मीच. दादासाहेब, उद्या सकाळी एक जोडी ओतू या?”

दादांना ‘दादासाहेब’ कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते हसले. “बरं. एकच हं.”

सकाळी भट्टी पेटली. समतोलरावांनी तांबं आणि कथील वजन करून दिलं आणि ताव सांगत राहिले. “जरा जास्त झाला. आता उतरतोय. आता!” दादांनी कांसं ओतलं. साचा कसा कलता धरायचा, घासताना हात कुठे हलका ठेवायचा, ते मात्र समतोलराव दादांच्या हाताकडे बघून शिकत होते. दोनदा त्यांनी स्वतः करून पाहिलं आणि साचा कलंडला. गोदा हसून हसून खाली बसली.

टाळ तयार झाले. दादांनी एकावर एक आपटले.

टणण्‌ण... दोघांचा मिळून एकच सूर. इतका एकजीव, की रस्त्याने चाललेले रशीदचाचा थबकले आणि आत डोकावून म्हणाले, “माझ्या पेटीतल्या काळी दोनच्या सुरात बोलतोय हो हा! कुणी केला?”

“आम्ही,” दादा म्हणाले. आणि लगेच दुसरी जोडी ओतायला घेतली.

दुपारी समतोलरावांनी वरिष्ठांशी संपर्क जोडला. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, “समतोल, महाकारखान्यातून कितीतरी जास्त माल निघेल. आकडे तूच पाठवलेस.”

“हो बाईसाहेब. पण मी फक्त बाहेर जाणारा माल मोजला होता. मागे गावात काय उरतं, तो रकानाच माझ्याकडे नव्हता. काल संध्याकाळी तो मिळाला.” मग त्यांनी कीर्तनाची सगळी हकिगत सांगितली, स्वतःच्या फजितीसकट.

बाईंना हसू आवरेना. नंतर त्या विचारात पडल्या. “एक वर्ष करून बघा. सुविधा केंद्र देते. पण टाळ बाहेर विकले गेले पाहिजेत, आणि ते बाहेरच्यांना पसंतही पडले पाहिजेत. नाही जमलं, तर पुन्हा बोलू.”

“रास्त आहे,” आबा मागून म्हणाले.

त्या संध्याकाळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. रशीदचाचा पेटीवर, लक्ष्मणमामा मृदंगाला कणीक थापतायत, पोरांच्या मुठीत लाह्या. समतोलराव टाळकऱ्यांच्या शेवटच्या रांगेत, हातात एकच टाळजोडी, आणि गळ्यात फुलवाल्या मावशींनी आपण होऊन घातलेला हार. चारुताईंनी साद घातली, आणि साऱ्या गावाने ती झेलली.

दादा मात्र मंडपाच्या कडेला फोन कानाला लावून उभे होते. गोदा धावत त्यांच्यापाशी गेली आणि श्वास रोखून ऐकू लागली.

“नाही रे नामदेव, मी येत नाही. अरे रागावू नकोस, ऐक तर. इथे केंद्र होतंय. टाळ पुष्कळ लागणार, म्हणजे दोऱ्याही पुष्कळ. सध्या दोरी बाहेरून येते. तुझी आई सुताची दोरी वळायची ना? पक्की, गोल?” दादा थोडं थांबले, गोदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मग तूच परत ये ना, बोरखिंडीला. काम आहे तुझ्यासाठी.”

पलीकडून नामदेवकाकांचा आवाज आला, गोदालाही ऐकू जाईल इतका मोठ्याने: “आईला विचारतो. तिला अजून दोरी वळता येत असेल तर मीही शिकेन.”