चिमणीची कोरी पाती

वेग तीन

स्टुलावर उभ्या असलेल्या दिराने स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी काढली, आतल्या पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं, आणि ते बोट उजेडात धरून तो बघतच राहिला. खाली ओट्याशी उभ्या वहिनीने मान फिरवली.

बोट स्वच्छ होतं!

भिंतींवर तेलकट थर, कपाटाचं दार हाताला चिकटणारं, छत काळपट... आणि पातं मात्र कोरं, दुकानातून आत्ताच आणल्यासारखं.

"वहिनी, तुम्ही हा पंखा लावत नाही?"

"लावते की. कधीमधी."

"कधीमधी म्हणजे कधी?"

"म्हणजे... लागला तर."

बारा वर्षांपूर्वी हाच "अगं वहिनी, भूक!" म्हणत घर डोक्यावर घ्यायचा. आता 'तुम्ही' म्हणत होता. कारखान्यांतल्या यंत्रांचे आवाज कमी करून देणं हा त्याचा व्यवसाय, आणि आला होता तोही कामापुरताच. डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो बघून नवऱ्याला विचारलं होतं, "या सिगारेट ओढतात का?" नवरा आधी हसला, मग हा स्वयंपाकघरातला धूर असल्याचं कळल्यावर घाबरला, आणि ज्याच्याशी इतकी वर्षं चार वाक्यांपलीकडे बोलणं जात नव्हतं, त्या धाकट्या भावाला त्याने फोन लावला.

ती मात्र मनाशी एकच घोकत होती... याला कळता कामा नये. छातीचं दुखणं माझं आहे, ते माझ्यापाशीच राहू दे!

शून्य

कळता कामा नये ते एवढंच होतं.

चिमणी बसवली त्या दिवशी ती अशी घोंघावली की भांडी थरथरली. शेजारच्या खोलीत हा परीक्षेचा अभ्यास करत होता. डोकं धरून बाहेर आला. "अगं वहिनी, डोक्यात भुंगा शिरलाय!" तिने बटण बंद केलं. ते बंदच राहिलं. मग धूर त्याच्या खोलीत जाऊ नये म्हणून ती दार लावून घेऊ लागली, खालच्या फटीत जुन्या चादरीची सुरळी कोंबू लागली. आत धूर आणि ती, बाहेर त्याची पुस्तकं. पाच वर्षं!

बंद दार बाहेरून वेगळं दिसतं, हे तिला कुठे ठाऊक होतं...

नोकरी लागली त्या दिवशी त्याच दाराबाहेर तो भावाला म्हणाला, "दादा, वहिनीला माझं तोंड बघायचं नसतं. मी आलो की दार लावून घेते. मी दुसरीकडे राहतो." तिने ऐकलं. कढईत कांदा होता. दार उघडून सांगितलं असतं, तर ते त्याला जन्मभर टोचत राहिलं असतं. तिने कांदा परतला. तो गेला.

त्यानंतर पंखा लावायला कुणाची हरकत होती? पण बटणापर्यंत गेलेला हात मागे यायचा, आणि सुरळीही फटीतच राहिली. पंखा लावणं म्हणजे शेजारची खोली रिकामी झाली, हे मान्य करणं...

वेग एक

पाइप कुठे निघतो ते बघायला दीर घराबाहेर गेला. त्याची पावलं भिंतीला वळसा घालून गेली आणि थांबली. पाइपाचं तोंड त्याच्याच जुन्या खिडकीच्या हातभर वर होतं. तिथूनच त्याचा आवाज आला, "भुंगा... इथूनच आत यायचा!"

आत आला तो थेट दाराशी वाकला. खालची सुरळी ओढून काढली. एक बाजू पांढरी, आतली बाजू काळी कुळकुळीत.

"वहिनी, ही माझ्यासाठी होती?"

"भाऊजी, तुमचं काम आटपा. मला स्वयंपाक उरकायचाय."

"मी घर सोडून जात होतो! तेव्हा तरी बोलायचंस ना गं!"

"बोलले असते तर लागलेली नोकरी सोडून तुम्ही माझा पंखा दुरुस्त करायला बसला असता. येत होतं का तेव्हा?"

तो हसला, आणि हसता हसताच खाली फरशीवर बसला. पाना हातात तसाच. खांदे हलत होते. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग ओट्यावरचा फडका दिला. "नाक पुसा. उजेड आहे तोवर पाइप बदला."

त्याने बदलला. आधीचा अरुंद, सुरकुतलेला, दोन ठिकाणी मोडून वळवलेला. नवा रुंद, आतून गुळगुळीत, सरळ मागच्या भिंतीतून बाहेर. पंख्याखाली रबराचे तुकडे. दाराची खालची कड दोन बोटं कापली. "आत हवा आली नाही तर पंखा गुदमरतो, म्हणून ओरडतो," तो म्हणाला.

"अजून लावला नाहीस का रे?" बाहेरून नवरा ओरडला.

"लावलाय, दादा."

तिलाही खरं वाटेना. दिराने कागदाचा कपटा चिमणीच्या जाळीखाली धरला. तो वर ओढला जाऊन जाळीला चिकटला. तिने दार सताड उघडलं, कढई ठेवली, कांदा टाकला. दीर उंबऱ्यात बसून तिच्याकडे बघत राहिला.

"वहिनी, रडतेस?"

"छे! धूर गेला डोळ्यांत."

दोघांनीही वर पाहिलं. कागद जाळीला घट्ट चिकटलेला होता.