साक्षीचं पारायण

पूजा आटोपली तरी नर्मदाआत्या देव्हाऱ्यासमोरून उठल्या नाहीत. पोथी मिटून त्यांनी तिच्याखालचा कागद काढला आणि पुटपुटत वाचायला लागल्या. “मी, नर्मदा केशव आगाशे, वय एकाहत्तर, शपथेवर सांगते की माझा भाचा ओजस आणि मैथिली यांचं लग्न माझ्यादेखत मिरजेला झालं.” पुढे तारीख, कार्यालयाचं नाव, कन्यादान कुणी केलं, सगळं क्रमानं होतं. एकवीस दिवसांचा नेम होता, रोज तीन आवर्तनं. सुनेच्या जन्माचा प्रश्न, शपथेवर एक अक्षरही चुकायला नको, असं त्यांनी मैथिलीला समजावलं होतं.

लग्नानंतर बाविसाव्या दिवशी ओजस परदेशी नोकरीवर परतला, त्याला आता दहा महिने झाले होते. मैथिली आत्यांकडे राहून व्हिसाची वाट पाहत होती. आईवेगळ्या ओजसला आत्यांनीच वाढवलं होतं, त्यामुळे सासूही त्याच. दोन साक्षीदारांनी लग्न खरं आहे असं सांगायचं होतं. साक्ष नापास झाली, तर पाच वर्षं अर्ज करता येणार नव्हता.

आणि साक्ष आता नुसती लिहून भागत नव्हती. कागदोपत्री लग्नं फार झाल्यामुळे त्या देशानं स्मृतिवेधक आणला होता. कपाळाला पट्टी बांधायची आणि बोलायचं. घडलेलं आठवताना मेंदूचा एक भाग जागा होतो, पाठ केलेलं म्हणताना दुसराच. पट्टीला तेवढं कळतं. आठवण असेल तर हिरवा दिवा, पाठांतर असेल तर पिवळा.

पुण्याच्या केंद्रात आधी शेजारच्या वैद्य सरांचा नंबर लागला. सरांना लग्नाची तारीख सांगता आली नाही. नवरीचा शालू निळा होता म्हणाले, तो होता मोरपंखी. मात्र जिलबी गार होती आणि नव्या चपला कुणी तरी घालून गेलं, हे त्यांनी इतकं तळमळून सांगितलं की दिवा शेवटपर्यंत हिरवा राहिला. बाहेर येऊन ते आत्यांना म्हणाले, “जा बिनघोर. मी एवढा घोळ घातला तरी पास केलं.”

आत्यांनी पट्टी बांधून घेतली, मनात देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला दिवा पिवळा झाला. दुसऱ्यालाही. कन्यादानापर्यंत पोचल्या तरी पिवळाच. समोरच्या अधिकारी लोबो बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलंय?”

कुणी नाही, मीच रोज म्हणत होते, असं आत्यांनी सांगितलं. पारायण म्हणजे काय तेही सांगितलं. बाईंना ते पटलं असावं, पण पटून उपयोग नव्हता. एकच गोष्ट शंभरदा घोकली की आठवणीची जागा शब्द घेतात, यंत्राच्या लेखी ती आठवण उरतच नाही, असं त्या म्हणाल्या. एक संधी मात्र होती. “या दोघांबद्दल असं काही सांगा, जे तुम्ही आजवर कुणालाच सांगितलं नाही.”

आत्यांनी मनातल्या मनात सगळं लग्न चाळून पाहिलं. लग्नातलं जे जे आठवलं, ते ते कुणाला ना कुणाला सांगून झालं होतं. कुणालाच न सांगितलेलं एकच होतं. तेच सांगितलं तर मैथिलीचा अर्ज बुडेल असं त्यांना वाटलं. पण काही नाहीच म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि खोटं न बोलण्याचा नेम त्यांनी चाळीस वर्षं मोडला नव्हता.

“सत्यनारायणाच्या दिवशी,” त्या हळू म्हणाल्या, “मी मागच्या दारी केळीचं पान कापायला गेले होते. ओजस फोनवर होता. म्हणाला, कागदावर सगळं नीट दिसलं पाहिजे, बाकीचं नंतर बघू. मला पाहिलं आणि फोन ठेवून दिला. कुणाशी बोलत होता ते मी विचारलं नाही.”

दिवा हिरवा झाला होता.

परतीच्या गाडीत मैथिलीनं आत काय विचारलं म्हणून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आत्यांनी “लग्नाचंच” एवढंच उत्तर दिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. तेवढ्यात मैथिलीला ओजसचा फोन आला. ती कशी आहे हे विचारायच्या आधी त्यानं साक्षीची प्रत आली की लगेच पाठव म्हणून सांगितलं. मैथिलीनं बरं म्हटलं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिचा हात पर्समध्ये काही तरी शोधत राहिला.

नवव्या दिवशी व्हिसा मंजूर झाला. सोबत निकालपत्र होतं. साक्षीदार स्वतःच्या माणसाविरुद्ध जाणारी गोष्टही लपवत नाही, त्या वेळी ती प्रत्यक्ष हजर होती, सबब तिची संपूर्ण साक्ष ग्राह्य, असं त्यात लिहिलं होतं. आठवण खरी आहे एवढंच यंत्रानं पाहिलं होतं. तिचा अर्थ पाहणं त्याच्या कामात बसत नव्हतं, आणि दिवा हिरवा असला की लोबो बाईंनाही तो पाहायची मुभा नव्हती.

खाली साक्षीची प्रत जोडली होती. मैथिलीनं ती स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचली, मग पुन्हा वाचली. आत्यांनी गॅस बंद केला.

“तुला सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “धीर झाला नाही गं.”

मैथिली रागावली नाही. ती आत्यांसमोर पाटावर येऊन बसली. ओजसचा फोन वाजून वाजून थांबला.

“आत्या, तुम्ही त्याला लहानाचा मोठा केलात,” ती म्हणाली. “तो म्हणाला ना, बाकीचं नंतर बघू. त्या बाकीच्यात मी आहे का हो?”