कोंब न फुटणारे कांदे

अक्षदा बिरवाडीत खोली घेऊन राहायची आणि तिथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मसाले तपासायची. मे महिन्यात पोलादपूरच्या वरच्या वाडीत सासरी जाताना तिनं विकिरण केलेल्या कांद्यांची गोणी नेली.

"किरणं मारलेलं?" सासूबाईंनी, प्रयागबाईंनी, गोणीला हातसुद्धा लावला नाही. "नको गो. पोटात काय जाईल, कोणाला ठाव!"

"आई, किरणं आरपार निघून जातात, कांद्यात काही उरत नाही. फक्त कोंब फुटत नाही, म्हणून टिकतो. मी स्वतः खाते."

सासरे सोनबा ओटीवर बसले होते. त्यांनी एक कांदा बुक्कीनं फोडला आणि भाकरीबरोबर खाल्ला. "शिकलेली सून हाय आपली. ती काय इख देईल व्हय?"

त्यानंतर ते कांदे घरात त्यांनी एकट्यानंच खाल्ले. प्रयागबाई घरचेच कांदे वापरत राहिल्या.

अक्षदा पुन्हा आली ती गणपतीला. घरभर धूर आणि ओल्या मातीचा वास होता. स्वयंपाकघरात तिच्या कांद्यांची टोपली होती, आणि एकूणएक कांद्याला बोटभर लांब, हिरवागार कोंब आला होता.

"हे शक्यच नाही," ती म्हणाली. "घरचे मिसळले असतील."

"घरचे आषाढातच सडले," प्रयागबाई म्हणाल्या.

अक्षदानं एक कांदा विळीवर उभा चिरला. आतला कोंबाचा डोळा तपकिरी, सुकलेला होता. विकिरण केलेल्या कांद्याचा असतो तसाच, मेलेला. मग कोंब निघाला होता कुठून? तिनं पाकळी न् पाकळी सोडवली. सापडलं नाही.

मग तिच्या ध्यानात आलं, की खिडकी डावीकडे असूनही सगळे कोंब उजवीकडे वाकले आहेत. उजवीकडे कोरी भिंत होती. भिंतीपलीकडे ओटीवर सोनबा बसले होते.

तिनं टोपली उचलून मागच्या दारात, उजेडात ठेवली.

आरती झाली. जेवणं झाली. सोनबा माजघरात आडवे झाले.

अक्षदा मागच्या दारी गेली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. कोंब उन्हाकडे पाठ करून माजघराकडे वळले होते.

प्रयागबाईंनी तिच्या खांद्यावरून पाहिलं. टोपली उचलली आणि ओढ्यात रिकामी करून आल्या.

"आबांना बरं आहे ना?" अक्षदानं विचारलं.

"झकास हाय. खातात, झोपतात." प्रयागबाईंनी रिकामी टोपली उपडी ठेवली. "लावणीपासनं दाढी केली नाय त्यांनी. वाढतच नाय."

अक्षदा माजघरात गेली. सोनबांनी डोळे उघडले, हसले. तिनं त्यांचा हात हातात घेतला. ऊबदार होता. अंगठ्याखाली कोयत्याचा खोल वार होता.

"आबा, हे कधी लागलं?"

"लावणीच्या आदी, बांध साफ करताना. दुखत नाय गो."

जखम उघडी होती. खपली नव्हती, पू नव्हता, रक्तही नव्हतं. आतलं मांस गुलाबी, स्वच्छ, आत्ताच चिरल्यासारखं ताजं होतं.