लेप सुकायच्या आत

“आई...!”

दारातून ती हाक आली आणि क्रुसिटाने आवाज लगेच ओळखला. मर्लिंडा! रुसून घर सोडून गेलेली तिची एकुलती एक लेक, इतक्या वर्षांनी दारात उभी... आणि मांडीवर नेमका लाल मातीचा ओला लेप दिलेला घडा! दगडाने घासून चकाकी येईपर्यंत घोटायचा तो एका बैठकीत. हात थांबला, की लेप सुकलाच, डाग पडलाच. सांता फे शहरातल्या बाजारासाठी हिवाळाभर जपलेला घडा होता हो तो!

ती गेली तेव्हाही असंच झालं होतं. “आई, मी चालले,” असं पोर ह्याच दारातून म्हणाली, आणि ‘एवढं घोटून होऊ दे, मग समजूत काढीन’ म्हणून क्रुसिटाने मान वर केली नाही. केली तेव्हा दारात कुणीच नव्हतं! सांता क्लारा गावातल्या बायका त्या दिवशीच्या घड्याचं अजून कौतुक करत, आणि ही अभागी आई आत जाऊन रडत असे.

“आजही बघणार नाहीस ना?” मर्लिंडा म्हणाली. “राहू दे. घडाच तुझं लेकरू. मी कोण लागते तुझी!”

उठावं? की अजून थोडंच... क्रुसिटाला तिच्या आईने दिलेला तो घोटायचा गुळगुळीत दगड बोटांत फिरतच होता, हात जणू तिचे नव्हतेच! मग काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. दगड टाकून, घडा बाजूला सारून ती धडपडत दाराकडे धावली.

“अगं, वेडी का तू!” मिठीत शिरायचं सोडून मर्लिंडाच किंचाळली. “सुकतोय ना तो!” आईला चुकवून आत येऊन ती मटकन खाली बसली, घडा मांडीवर घेतला, दगड उचलला आणि घोटू लागली... भराभरा, हुंदके देत.

“डोळे पूस आधी! टिपूस पडेल त्यावर!” क्रुसिटा सवयीने ओरडली, आणि लगेच जीभ चावली.

रिकाम्या हातांचं काय करावं तिला कळेना. लेकीने क्षमा केली, की नुसता घडा वाचवला? विचारावं तरी कसं! ती आपली दारातच उभी राहिली.

“आई,” मान वर न करताच मर्लिंडा हळूच म्हणाली, “माझं होईपर्यंत जाणार नाहीस ना?”

“नाही गं राणी... इथेच आहे मी. तू हात थांबवू नकोस.”