अडीच घरं

२००१ सालच्या उन्हाळ्यात मी केजच्या एका खाजगी महाविद्यालयात संगणक कक्षाचा सहायक होतो. गाव आष्टी, वय सत्तावीस, लग्न झालेलं नव्हतं. परीक्षा संपल्या की मुलं आपापल्या गावी पांगायची, प्राध्यापक औरंगाबादला पेपर तपासायला जायचे आणि पत्र्याच्या त्या लांब खोलीत दहा संगणकांबरोबर मी एकटा उरायचो. यंत्रं रोज तासभर चालू ठेवायची, धूळ पुसायची, हजेरीवहीत सही करायची, एवढंच काम. दुपारी पत्रा तापून टकटक वाजायचा. दिवसदिवस माझ्याशी बोलायचा तो फक्त खानावळवाला, आणि तोही 'भाकरी वाढू का' एवढंच.

नऊ संगणकांवर नेहमीची प्रणाली होती. दहाव्यावर मी लिनक्स बसवलं होतं. संगणकाच्या एका मासिकाबरोबर सीडी फुकट आली होती. ती बसवायला मला चार दिवस लागले. आधी पडदा काळाच राहिला, मग माऊस हलेना, आवाज तर शेवटपर्यंत आला नाही. पण यंत्र सुरू होताना एकेक ओळ वर सरकायची आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी हिरवा 'ओके' उमटायचा, ते बघायला मला फार आवडायचं. कुणीतरी घरातलं सगळं ठीक आहे ना, हे खोल्याखोल्यांतून हिंडून बघतंय असं वाटायचं. शिवाय या प्रणालीत काही झाकलेलं नसे. कुठलाही प्रोग्राम आतून कसा लिहिलाय ते उघडून वाचता यायचं.

त्यात बुद्धिबळाचा खेळ होता. मी रोज दुपारी खेळायचो आणि रोज हरायचो. यंत्र तीन सेकंदांत चाल करायचं. तो पुस्तकी, कोरडा खेळ होता. तरी समोर कुणीतरी आहे एवढं समाधान असायचं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी, यंत्राच्या काळ्या राजानं आपल्या जागेवरून उडी मारली. घोड्यासारखी, अडीच घरं.

आधी मला वाटलं, पडद्यावर चित्र चुकलं. पण बाजूच्या यादीत चाल नीट नोंदलेली होती. मी नवा डाव मांडून माझा राजा तसाच हलवून पाहिला. 'चाल नियमबाह्य' असा संदेश आला आणि राजा मागे सरकला. मग मी प्रोग्राम उघडला. दोन दिवस ओळ न ओळ वाचली. राजाला आजूबाजूची आठच घरं होती. अडीच घरांचं नावही कुठे नव्हतं. पट काढणारा प्रोग्राम वेगळा आणि चाल सुचवणारा वेगळा. अशी चाल दोघांनीही अडवायला हवी होती.

पुढच्या तिन्ही डावांत राजा तसाच उडाला. आणि उडी मारल्यावर दर वेळी चौथ्या चालीला यंत्रानं आपला हत्ती फुकट देऊन टाकला.

आमच्याकडे जुनी माणसं खेळायची तो देशी डाव मला ऐकून माहीत होता. त्यात राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्याची चाल मिळते. केजमध्ये तसं खेळणारं कोण, म्हणून चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, शिवशरणआप्पा. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. मुलगा गल्ल्यावर बसे आणि आप्पा आत, ताग्यांच्या ढिगाला टेकून. पंचाहत्तरीचे असतील. कपाळावर भस्माचे पट्टे, डोळे पाणीदार.

मी डाव कागदावर मांडून नेला होता. आप्पांनी तो मांडीवर घेतला. एकेका चालीवर बोट ठेवत गेले. हत्तीपाशी बोट थांबलं.

"ह्यो कुणाचा डाव हाय?"

"संगणकाचा, आप्पा."

"न्हाई." त्यांनी कागदाची घडी केली. "ह्यो शहादेवचा हाय."

शहादेव आडतीवर मापाडी होता. शाळेत गेला नव्हता, सहीला अंगठा द्यायचा. दुपारी बाजार ओसरला की तो आणि आप्पा दुकानाच्या ओट्यावर पट मांडायचे. वीस वर्षं हे चाललं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तो कामाच्या शोधात जीपमधून गेला आणि परत आला नाही. मेला म्हणावं तर सांगावा नाही, जिता म्हणावं तर पत्र नाही.

"तवापासनं म्या कुणाबरबर खेळलो न्हाई," आप्पा म्हणाले. "लोक खेळतेत बरे. पण मजा न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून, आप्पा कक्षाचे जिने चढून आले. मी त्यांना खुर्ची दिली. ते चाल सांगायचे, मी माऊसनं सोंगटी हलवायचो. पहिल्याच डावात राजा उडाला तेव्हा आप्पा हसले. पडद्याकडे वाकून म्हणाले, "कावून रं, इतकी वर्सं?"

चौथ्या चालीला हत्ती पुढे आला.

ते रोज येऊ लागले. नऊ दिवस आले. मला ते बरं वाटायचं, खोटं का बोलू. दुपारच्याला कुणीतरी जिना चढतंय, खोकतंय, पाणी मागतंय. पण चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. मी फक्त हात होतो. ते आडतीचे भाव सांगायचे, मेलेल्या माणसांची नावं घ्यायचे, मध्येच गप्प बसून मान डोलवायचे, जणू पलीकडून काही ऐकलं. मला काहीच ऐकू यायचं नाही. संगणकाचा पंखा तेवढा घरघरायचा.

सहाव्या दिवशी मी म्हणालो, "आप्पा, हा प्रोग्राम आहे. बिघडलाय. मी काढून टाकतो."

"काढा की," ते शांतपणे म्हणाले. "पर डाव मदी हाय. संपल्यावर काढा."

मी काढला नाही. काढला असता तर ते आले नसते.

नवव्या दिवशी यंत्रानं राजा उडवला नाही. त्याची पाळी आली, गेली, राजा जागेवरच. आप्पा पटाकडे वाकले.

"माज्यासाठी थांबलाय," ते म्हणाले. "माजा राजा उचला, मास्तर. अडीच घरं."

"माणसाला ती चाल घेता येत नाही, आप्पा. मी करून पाहिलंय."

"उचला तर."

मी राजा ओढला. सोडला.

तो तिथेच राहिला.

संदेश आला नाही. काळं प्यादं एक घर पुढे सरकलं.

त्यानंतर आप्पा बोटानं दाखवायचे, मी हलवायचो. सोंगट्या कमी होत गेल्या. खिडकीतून एसटी स्टँडवरच्या जीपवाल्यांची ओरड येत होती, ती केव्हा थांबली कळलं नाही. चारच्या सुमाराला आप्पांच्या राजाला मात झाली.

"झालं," ते म्हणाले. "पाणी आना जरा."

मी खालच्या रांजणातून तांब्या भरून आणला. दोन मिनिटंही लागली नसतील. आप्पा खिडकीपाशी उभे होते. पडद्यावर पट होता, चौसष्ट घरं. एकही सोंगटी नव्हती.

पाणी पिऊन ते जिना उतरून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी एकट्यानं डाव मांडला. यंत्र तीन सेकंदांत चाल करत होतं. राजा जागचा हलला नाही. वीस चालींत मी हरलो. पुस्तकी, कोरडा खेळ.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. मुलानं घरी जायला सांगितलं. घर मागच्याच गल्लीत होतं. आप्पांच्या सूनबाई, बसम्मा, दारात गहू निवडत बसल्या होत्या.

"आजारी आहेत का?"

"न्हाई हो. खातेत, पितेत, पूजा करतेत." त्यांनी आवाज खाली घेतला. "पर खेळाचं काय इचारलं तर कळंना त्यास्नी."

आप्पा आत सतरंजीवर बसले होते. मला ओळखलं. "या मास्तर," म्हणाले. चहा मागवला. मी डावाचा विषय काढला.

"कसला डाव?"

"बुद्धिबळाचा. शहादेव..."

"कोन शहादेव?"

ते चेष्टा करत नव्हते. मी खिशातला कागद उघडून समोर धरला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि कौतुकानं परत दिला, लहान मुलानं काढलेलं चित्र द्यावं तसा.

बसम्मानं चहा आणला. आप्पांच्या डाव्या-उजव्या बाजूला पूजेचं सामान आणि पेटी होती, म्हणून मी कप घेऊन समोरच्या मोकळ्या सतरंजीवर बसायला वाकलो.

"तितं नका बसू," आप्पा म्हणाले.

मी तसाच थांबलो. "का, आप्पा?"

त्यांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कपाळाला आठी पडली.

"ठावं न्हाई," ते म्हणाले, आणि मला जागा द्यायला स्वतःच थोडे बाजूला सरकले.