बरणीतले ठोके

आमच्या यांच्या, आनंदरावांच्या छातीतला पेसमेकर काढला त्याला एकोणीस दिवस झाले होते. धंतोलीतल्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून मी पाय चोळत असे. चाळीस वर्षं जंतूंच्या प्रयोगशाळेत उभ्याने काढली, पण बसून राहणं इतकं थकवतं हे ठाऊक नव्हतं.

पेसमेकरच्या त्या डबीवर जंतू बसला होता. मातीपाण्यातला, काचेच्या बशीत उगवायला आठवडे घेणारा. नोकरीत मी तो दोनदाच पाहिला. दोन्ही वेळा पोरं तिसऱ्याच दिवशी बश्या फेकायला निघाली होती. तेव्हापासून माझा नियम : शेवटचा अहवाल येईपर्यंत नमुना फेकायचा नाही, आणि आला की त्याच दिवशी फेकायचा. म्हणून काढलेली डबीही मी इथल्या प्रयोगशाळेत बरणीत ठेवायला लावली. तिथला रुपराव माझ्याच हाताखाली शिकलेला. "बाई, तुम्ही रिटायर झाल्या, पण धाक काही जाऊन नाही राहिला," तो म्हणाला.

यांचं हृदय आता उशाशी ठेवलेल्या यंत्रावर चालत होतं, मानेतून घातलेल्या तारेने. रोज सकाळी डॉक्टर श्वेता यंत्राचा वेग कमी करून बघायची, स्वतःचा ठोका येतो का. पडद्यावर सरळ रेघ. ती घाईने वेग वाढवायची. जंतू संपला की नवी डबी बसणार होती, तोवर टिकायचं.

विसाव्या दिवशी तिला जुन्या नोंदी हव्या होत्या, म्हणून तिने बरणीतली डबी यंत्राने वाचली. कागद घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, डबीने दिलेले ठोके वेगळे आणि हृदयाचे स्वतःचे वेगळे मोजले जातात."

काढल्यापासून डबीने एकही ठोका दिला नव्हता. हृदयाचे स्वतःचे म्हणून मोजले मात्र होते. मिनिटाला बहात्तर, पहाटे थोडे कमी.

आसपासच्या विजेची गडबड असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी बरणी लोखंडी कपाटात ठेवली. त्या दिवशी अकराला यांना पहिल्यांदा खाटेवर उठवून बसवलं. संध्याकाळी डबी वाचली. अकराला ठोके शंभरावर गेले होते.

"ती बरणी राहू द्या, काकू," श्वेता म्हणाली. मी मान डोलावली.

सत्ताविसाव्या सकाळी रुपराव अहवाल घेऊन आला. रक्त स्वच्छ. त्याने नमुने फेकायची वही पुढे केली, बोट ठेवलं, मी सही केली. हात जसा चाळीस वर्षं चालला तसा चालला. किती हलकं वाटलं.

श्वेताला मी अहवाल दाखवला. तिने बरणीचं विचारलं.

दवाखान्याचा कचरा नेणारी पिवळ्या पिशव्यांची गाडी नऊलाच गेली होती. सगळं भट्टीत टाकलं, असं गाडीवाल्याने फोनवर सांगितलं.

पडद्यावर ठोके चालू होते. साठ. यंत्राचे.

मी यांचं मनगट धरलं, नाडी लागेना. मग गळ्याशी बोटं ठेवली.

श्वेताने ठोके ऐकायची नळी छातीला लावली. जागा बदलून लावली. पुन्हा बदलली.

"गळा काहून चाचपून राहिली वं, इंदू?" ते म्हणाले. "चहा आण थोडा."

मी आणला. त्यांनी फुंकर घालत सगळा घेतला.