साडेचार जीबी आणि पाच मिनिटं

धोंडुबाई शाहूपुरीतल्या त्या खासगी तपासनिसांच्या कचेरीत आली ती रडतच. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती.

"बाई, वीस वरसं त्या घरात राबले. आज मला चोर म्हनत्यात. उद्या सकाळी पोलिसांत देनार हाईत."

शांभवी स्वामींनी तिला पाणी दिलं आणि वही उघडली. शेजारी हंबीरराव बसले होते. तीस वर्षं हवालदारी करून निवृत्त झालेले, आता बाईंचे मदतनीस. त्यांच्या मते प्रकरण सरळ होतं. राजारामपुरीतल्या रुद्राप्पांच्या घरातला सोन्याचा साज काल संध्याकाळी कपाटातून गेला आणि तेव्हा घरात एकटी धोंडुबाईच होती.

"मालकीणबाई साडेचारला देवळात गेल्या," धोंडुबाई सांगू लागली. "मी मागं धुणं धूत हुते. पावनेपाचला पान्याची मोटर लावली, सव्वापाचला टाकी भरली तशी बंद केली, मागचं दार वडून घेतलं आन गेले."

"मोटर मधे बंद केली होती?" शांभवीबाईंनी विचारलं.

"न्हाय की. मोटरीच्या आवाजात काय ऐकू बी येत न्हाय."

तासाभरात दोघं रुद्राप्पांच्या घरी पोचले. रुद्राप्पा ओतकामाचे कारखानदार. काल दिवसभर कारखान्यातच होते, आज मात्र घरी थांबले होते. त्यांच्या पत्नी अक्काताई म्हणाल्या, "मी बरोब्बर साडेपाचला परत आले. श्रीशैल खाली कॉम्प्युटरवर बसलावता. पडद्यावरची हिरवी पट्टी माझ्यादेखत भरली. 'मामी, झालं बघा,' म्हणाला. मग मी वर गेले, तर कपाट रिकामं!"

श्रीशैल हा रुद्राप्पांचा भाचा. आईमागं मामाकडंच वाढलेला.

"मी पाच पंचवीसला आलो," तो म्हणाला. "माझी किल्ली हाय. आल्या आल्या दादाच्या, म्हंजे मामाच्या पोराच्या, लग्नाचं शूटिंग वरच्या कॉम्प्युटरवरनं खाली घ्यायला लावलं. ते होईस्तोवर जागचा हललो न्हाय. मामी आली तवा संपत आलंतं. नंतर त्याची डीव्हीडी केली आणि खालचं पुसून टाकलं."

"शूटिंग केवढं होतं?"

"साडेचार जीबी."

"वरून खाली वायर तर दिसत नाही?"

श्रीशैल खुलला. भिंतीतल्या प्लगात खोचलेली पांढरी डबी त्यानं दाखवली. "स्लॅबमुळं वायफाय वर पोचत न्हाय. तशीच दुसरी डबी वर हाय. घरातल्या लाईटच्या वायरीतनंच सगळं येतं. खोक्यावर बघा, दोनशे एमबीपीएस! साडेचार जीबीला तीन मिनिटं."

हंबीररावांनी कौतुकानं मान डोलावली. पाच मिनिटं, त्यातली तीन कॉम्प्युटरपुढं. पोरगा सुटलाच की.

शांभवीबाईंनी मात्र मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "तेच शूटिंग पुन्हा खाली घ्या."

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. तीन मिनिटं झाली, पाच झाली. अक्काताईंनी चहा आणला, तो पिऊन झाला. एकोणीस मिनिटांनी पट्टी भरली.

"आता मोटर लावा आणि पुन्हा," बाई म्हणाल्या.

या खेपेला वेग चौथाईवर आला. पट्टी जागची हलेना. बाईंनी मोटर बंद करायला सांगितली आणि श्रीशैलकडं वळल्या.

"खोक्यावरचा आकडा डब्या बनवणाऱ्याच्या प्रयोगशाळेतला. घरातल्या जुन्या वायरी, जोडण्या, दिवे, पंखे यांतून येताना त्यातला सहावा-सातवा हिस्सा हाती लागतो. मोटर चालू झाली की तोही उरत नाही. तिच्या गडबडीत या डब्यांना एकमेकींचं ऐकूच येत नाही."

"म्हंजे?" हंबीररावांनी विचारलं.

"हंबीरराव, मोटर सव्वापाचला थांबली. तिथून साडेपाचपर्यंत पंधरा मिनिटं. पूर्ण वेगानंही तेवढ्यात साडेतीन जीबीच्या वर येत नाही. उरलेलं मोटर चालू असतानाच आलं, तेही रखडत, म्हणजे आणखी पंधरा मिनिटं. काम पाचलाच सुरू झालं होतं. धोंडुबाई मागं धुणं धूत असताना श्रीशैल घरात होते. कॉम्प्युटरला कामाला लावून ते वर गेले. मोकळा अर्धाएक तास होता त्यांच्याकडं. मामींच्या डोळ्यांदेखत काम संपलं की साक्षीदारही तयार."

 श्रीशैलनं कॉम्प्युटर बंद केला.

"तो साज आईचा हुता," तो म्हणाला. "मामी सोमवारी नव्या वहिनीला घालणार हुती. मला कुणी इचारलंबी न्हाय."

तो बाहेर गेला, स्कूटरच्या डिकीतून रुमालात गुंडाळलेला साज आणून त्यानं टेबलावर ठेवला. अक्काताईंनी डोळ्याला पदर लावला.

"मागितला असतास तर दिला असता रे," रुद्राप्पा म्हणाले.

"आणि धोंडुबाईचं काय?" शांभवीबाईंनी विचारलं. "साज तुमचा असेलही, श्रीशैल. पण तिची अब्रू तुमची नव्हती."

हंबीररावांना भरून आलं. आयुष्यभर त्यांनी आरडाओरडा करून खरं काढायचा प्रयत्न केला होता. ही बाई चहा पीत पट्टी बघत बसली आणि एका गरीब बाईचं नाव स्वच्छ करून मोकळी झाली.

तिन्हीसांजेला रुद्राप्पा स्वतः धोंडुबाईच्या दारात गेले. हात जोडून उभे राहिले. "चुकलं आमचं. उद्यापासनं ये."

"उद्या न्हाय," धोंडुबाई ताठ मानेनं म्हणाली. "आदी त्या पोराला हिकडं धाडा. ल्हानपनी त्याला आंगडं मी घालत हुते. काय बोलायचं ते मी त्याच्याशी बोलते. कामाचं मग बघू."